पोट कुठे गेलं तिचं?

अकरा वर्षं मी बायकांच्या कंबरा बारीक करत होते. तेच माझं काम होतं. कपड्यांच्या कॅटलॉगचे फोटो रिटचिंगला यायचे, दिवसाला पन्नास-साठ. सोबत एक शीट असायची आणि तिच्यात प्रत्येक फोटोसमोर दोनच शब्द: ‘बॉडी क्लीन’. म्हणजे काखेजवळची वळी काढायची, दंड सडपातळ करायचा, ब्लाउजच्या काठाने पाठीवर उठलेला वळ पुसायचा, कोपरं-गुडघे उजळायचे आणि लिक्विफायचा, म्हणजे फोटोतलं अंग ढकलून आकार बदलणारा ब्रश कमरेच्या दोन्ही बाजूंनी हलकेच आत लोटायचा. मागे खिडकी किंवा दाराची चौकट असली तर तीही कमरेबरोबर वाकते आणि लबाडी उघडी पडते, म्हणून कोरा पडदा सगळ्यांना प्रिय. दंडावरचा लसीचा वण काढायला तर कुणी सांगावंही लागत नव्हतं. फोटो उघडला की पहिला हात तिथेच जायचा. माझ्या वयाच्या बहुतेक सगळ्यांच्या दंडावर तो वण आहे, माझ्याही आहे. पण माझ्या हाताखालून गेलेल्या हजारो फोटोंपैकी एकातही मी तो राहू दिला नाही.

काम संपलं तरी डोळा थांबत नसे. लोकलच्या लेडीज डब्यात वरची कडी धरलेले हात दिसले की मनातल्या मनात मी ते बारीक करत असे. सख्ख्या बहिणीच्या डोहाळजेवणाचे फोटो मी तिला न विचारता ‘क्लीन’ करून पाठवले. तिचा फोन आला, “ताई, माझी हनुवटी कुठे गेली गं?” ती हसत होती, मला मात्र रात्री झोप लागली नाही. पुढच्या दोन महिन्यांत मी काम सोडलं.

फोटो काढायचे तर होतेच, तेही फॅशनचेच. कपडा, अंग आणि उजेड यांच्यात जे घडतं त्याचं वेड मला कॉलेजपासून आहे. पण यावेळी हातात ब्रश नको होता. म्हणून फिल्मवर काढायचं ठरवलं, ब्लॅक अँड व्हाईट. गिरगावात एक काका अजून डार्करूम चालवतात. उभं आयुष्य त्यांनी वर्तमानपत्रासाठी प्रिंट काढण्यात घालवलं. आठवड्यातून दोन संध्याकाळी मी त्यांच्याकडे शिकायला जाऊ लागले आणि वर्षभराने स्वतःची एक मालिका करायची ठरवली. जुन्या बाजारातून मामिया आरबी ६७ हा फिल्मचा कॅमेरा घेतला. एका रोलवर दहा फोटो, बस.

मॉडेल मिळाली ती अनपेक्षित जागी. एका मैत्रिणीच्या कपड्यांच्या युनिटमध्ये गेले होते, तिथे एक जण टेबलाशेजारी हात पसरून उभी होती आणि मास्टर तिच्या अंगावर कुर्तीचा नमुना टाचत होते. ती फिट मॉडेल. एक्सएल मापाचा नमुना तिच्या अंगावर बसला की मग तो शेकड्यांनी कापायचा. चाळीस, चौतीस, त्रेचाळीस. ही मापं बदलून चालत नाहीत, दर महिन्याला टेप लावून तपासतात. डोंबिवलीहून येते, वय चौतीस, एक मुलगा आहे. बारा वर्षं तिच्या अंगावर कपडे बेतले जातात, पण कॅटलॉगमध्ये त्याच कुर्तीत दिसते दुसरीच मुलगी, आणि तिच्या पाठीमागे जादाचं कापड चिमट्यांनी आवळलेलं असतं. ते चिमटे फोटोत येत नाहीत. चुकून आलेच तर मी काढायचे.

मी विचारलं तेव्हा ती आधी काहीच बोलली नाही. दोन दिवसांनी फोन केला. “ताई, एक विचारू? ब्लॅक अँड व्हाईटमध्ये मी बारीक दिसेन ना?”

हा प्रश्न पुढचे चार महिने माझ्या मानेवर बसला. कारण सगळ्यांची समजूत तीच आहे. काळा रंग जाडी लपवतो, ब्लॅक अँड व्हाईट फोटो सगळ्यांनाच शोभतो. आणि त्याच तोंडाने आपण असंही म्हणतो की ब्लॅक अँड व्हाईट फोटो खोटं बोलत नाही. दोन्ही एकाच वेळी कसं खरं असेल?

माझ्या आत्याचा लग्नासाठी ‘दाखवायला’ काढलेला एक फोटो घरी आहे, साठच्या दशकातला, साताऱ्याच्या स्टुडिओतला. त्यात आत्या चांगली उजळ आणि नितळ आहे. प्रत्यक्षात ती सावळी होती आणि गालावर देवीचे व्रण होते. मी तो फोटो काकांना दाखवला. त्यांनी भिंगाखाली एकदा पाहिला आणि म्हणाले, “पेन्सिल मारलीय.” त्या काळी गावोगावच्या स्टुडिओत निगेटिव्हवर टोकदार पेन्सिलीने बारीक रेघोट्या ओढत. निगेटिव्हवर जिथे शिसं चढेल तिथे प्रिंटमध्ये कातडी उजळते, खड्डा बुजतो. ज्या कामाला मी कंप्युटरची देणगी समजत होते ते साताऱ्यात पेन्सिलीने चालायचं. आत्याने तो फोटो कधी भिंतीवर लावू दिला नाही, हे मला तेव्हा आठवलं.

अंधेरीत एका इंडस्ट्रियल इस्टेटमधला गाळा दिवसाच्या भाड्याने घेतला. मेकअपला आलेल्या मुलीने भिंतीवर संदर्भाचे फोटो चिकटवले. सगळी नावाजलेली कामं. पीटर लिंडबर्ग यांनी ब्रिटिश ‘व्होग’च्या जानेवारी १९९०च्या मुखपृष्ठासाठी काढलेल्या पाच जणी. रिचर्ड अॅव्हेडन यांनी १९५५ साली पॅरिसच्या सर्कशीत हत्तींसमोर उभी केलेली मॉडेल डोव्हिमा. आणि आपल्याकडची, १९९५ची ती बुटांची जाहिरात: मधु सप्रे आणि मिलिंद सोमण, अंगावर बुटांखेरीज काही नाही, दोघांभोवती अजगर. प्रबुद्ध दासगुप्ता यांनी काढलेली. मुंबईत गुन्हा दाखल झाला आणि निर्दोष सुटायला २००९ साल उजाडलं. चौदा वर्षं. माझ्या लहानपणी घरात त्या जाहिरातीवर मोठमोठ्याने वाद झालेले मला आठवतात, आणि आपलीच दोन मराठी माणसं त्यात आहेत याचं काहींना जास्तच वाईट वाटलं होतं. पण वाद सगळा उघडेपणाचा. ते अंग कसलं आहे याबद्दल कुणी चकार शब्द काढला नाही. एक खेळाडू, दुसरा राष्ट्रीय पातळीवरचा जलतरणपटू. त्या अंगांना नाव ठेवायला जागाच नव्हती.

माझी मॉडेल मेकअपच्या खुर्चीतून उठून भिंतीजवळ गेली. एकेक फोटो नीट पाहिला. मग माझ्याकडे वळून म्हणाली, “छान आहेत हो. यात माझ्यासारखी कुठली?”

लिंडबर्ग यांचा रिटचिंगला उघड विरोध होता, चेहऱ्यावरच्या रेषा राहू द्याव्यात म्हणून ते भांडत. त्या माणसाबद्दल मला मनापासून आदर आहे. पण त्यांच्या त्या पाच जणींतही माझ्या मॉडेलसारखी कुणी नव्हती. खरेपणाचा आग्रह धरायला आधी देखणं अंग निवडलेलं होतं.

पहिल्या दिवशी साधा पांढरा शर्ट घालायचा होता. डिझायनरकडून नमुना आला तो एकाच मापाचा, नेहमीसारखा. बटणं छातीवर लागेनात. स्टायलिस्टने शांतपणे कात्री घेतली आणि तिच्या अंगावरच शर्टाची पाठ मधोमध कॉलरपर्यंत उभी कापली. मोठ्या मापाच्या मॉडेलसाठी हे सर्रास करतात, समोरून काही कळत नाही. कात्री कापडातून वर सरकताना कर्र आवाज येत होता आणि ती समोर बघत, खांदे ताठ धरून उभी होती. मग समोरून बटणं लागली. कॅमेऱ्याच्या काचेत खाली मान घालून पाहिलं तर शर्ट झकास बसलेला आणि तिचा चेहरा लाकडासारखा. लाईटवाले दादा म्हणाले, “मॅडम, घ्यायचा ना?” मी नाही म्हटलं. पाठ उघडी पडलेली बाई समोरून आत्मविश्वासाने बघू शकत नाही. आणि बघितलंच तर तो तिचा अभिनय, माझ्या फोटोला तो नको होता. दिवसाचं भाडं बुडालं. इस्टेटीच्या तळमजल्यावर एक टेलर बसतात, त्यांना कापड आणून दिलं. त्यांनी तिची मापं घेतली आणि म्हणाले, “एकदम बरोबर माप आहे तुमचं.” ती खळखळून हसली. बारा वर्षं तिचं माप ‘बरोबर’च होतं, पण हे वाक्य कुणी तिच्यासाठी बोललं नव्हतं.

आठवड्याने परत जमलो. भिंतीवर मी दोन फोटो वाढवले होते. एक आयर्विंग पेन यांचा. फॅशनमधला एवढा मोठा माणूस, पण १९४९-५० मध्ये त्यांनी चित्रकारांसमोर बसणाऱ्या भरल्या अंगाच्या स्त्रियांची नग्नचित्रं काढली. नुसती धडं, पोटाच्या वळ्या डोंगरउतारासारख्या. त्यांचं मोठं प्रदर्शन भरायला १९८० साल उजाडलं. दुसरा लेनर्ड निमॉय यांचा. ‘स्टार ट्रेक’मधले मिस्टर स्पॉक म्हणून जग त्यांना ओळखतं, पण ते मन लावून फोटोग्राफी करत. २००७ मध्ये त्यांनी सॅन फ्रान्सिस्कोच्या जाड स्त्रियांच्या एका नृत्यगटाला घेऊन हर्ब रिट्स, हेल्मट न्यूटन यांच्या गाजलेल्या फॅशन चौकटी तशाच्या तशा पुन्हा रचल्या. तीच मांडणी, तेच काळं-पांढरं, अंग मात्र दुसरं. ती निमॉयच्या फोटोसमोर बराच वेळ उभी होती. “या लाजत नाहीयेत,” एवढंच म्हणाली.

आता उजेडाबद्दल, कारण तिच्या प्रश्नाचं उत्तर तिथेच आहे. फोटोत रंग असला की डोळा ओठांवर, साडीच्या काठावर, बांगड्यांवर जातो. रंग काढून घेतला की उरतो तो फक्त उजेड कुठे चढतो आणि कुठे उतरतो एवढा हिशोब, आणि अंग म्हणजे नेमकं तेच. बाजूने कडक उजेड टाकला तर पोटावरची प्रत्येक रेघ, मांडीवरचा प्रत्येक खळगा उमटतो, रंगीत फोटोत उमटणार नाही इतका. समोरून मोठा मऊ उजेड टाकला तर सगळं सपाट होतं आणि बाई आहे त्याहून रुंद दिसते. आणि तिसरी युक्ती, जी प्रत्येक लाईटदादाला पाठ असते: काळा पडदा लावायचा आणि दोन्ही बाजूंना काळे थर्माकोल अंगाला खेटून उभे करायचे. त्यांच्यामुळे कमरेच्या कडांवरचा उजेड मरतो, कडा पडद्यात विरघळते आणि दोन-तीन इंच नाहीसे होतात. कात्री नाही, ब्रश नाही, सॉफ्टवेअर नाही.

दादांनी मी न सांगताच काळे थर्माकोल आणून उभे केले होते. चांगल्या मनाने. तिला मदत व्हावी म्हणून. मी ते तसेच ठेवून पहिला रोल काढला. हे लपवून काय करू, मला ते सुंदर दिसत होतं. नंतर ते हटवले, काळा पडदा गुंडाळला आणि तिला गाळ्याच्या करड्या भिंतीसमोर, दुधी काचेच्या खिडकीजवळ उभं केलं. करड्या भिंतीवर अंगाची रेघ सबंध दिसते, आत-बाहेर कुठे लपायला जागा नाही. कॅमेरा तिच्या कमरेच्या उंचीवर ठेवला, म्हणजे वरून खाली बघणं नको.

वर्णाचाही प्रश्न होता. मेकअपवाली म्हणाली, लाल फिल्टर लावा, स्किन मस्त येते. येतेच. ब्लॅक अँड व्हाईटमध्ये कॅमेऱ्यावर लाल काच लावली की आपल्या कातडीतला तांबूसपणा उजळ होतो, डाग आणि पुटकुळ्या पुसल्या जातात. हिरवी लावली की उलट, कातडी गडद होते आणि एकेक डाग बोलायला लागतो. मी एकाच बैठकीत तिन्ही काढले: लाल, हिरवी आणि नुसती. लाल काचेतला चेहरा आत्याच्या फोटोसारखा आला. लाईट मीटर तिच्या गालावर धरला तर तो मधल्या करड्या रंगाचं माप सांगत होता. ज्या पुस्तकांतून मी शिकले त्यांत कातडीचं माप आलं की एक स्टॉप जास्त उघडा, म्हणजे उजेड दुप्पट घ्या, असं लिहिलेलं आहे. ते गोऱ्या कातडीसाठी. तिचा गाल आहे तसा ठेवायला काहीही वाढवायचं नव्हतं. मी तरी इतकी वर्षं सवयीने वाढवतच होते.

पोटावरच्या स्ट्रेच मार्क्सबद्दल मी तिला आधी विचारलं. शर्टाची खालची तीन बटणं उघडून बसायचं होतं. तिने दोन मिनिटं विचार केला आणि म्हणाली, “मुलगा झाला त्याचे आहेत. राहू देत.”

तीन रोल झाले. काकांकडे धुतले. डी-७६ या डेव्हलपरमध्ये २० अंशांवर साडेसात मिनिटं. मुंबईत नळाचं पाणी तेवढं गार येत नाही, म्हणून बर्फाच्या पिशव्या टाकून थर्मामीटरवर डोळा ठेवून बसायचं. निगेटिव्ह वाळल्या, कॉन्टॅक्ट (सगळे फोटो लहान आकारात एकाच कागदावर) काढला आणि मी लाल पेन्सिलीने सहा फोटोंवर खुणा केल्या. दोन नको म्हणून त्यांवर फुल्या मारल्या. त्यातला एक होता टेलरकाका दारात शर्टाची बाही बरोबर झाली का बघायला आले तेव्हाचा. ती स्टुलावर पुढे वाकून हसतेय, पोटाच्या तीन वळ्या पडल्यात.

निवडलेला फोटो छापायला घेतला. बारा बाय सोळाचा फायबर कागद. कसोटीची पट्टी काढली, चौदा सेकंद उजेड द्यायचा ठरला. ज्यांनी डार्करूम पाहिली नाही त्यांना सांगते: एनलार्जरचा, म्हणजे निगेटिव्ह मोठी करून दाखवणाऱ्या यंत्राचा उजेड कागदावर पडत असताना हाताने किंवा पुठ्ठ्याने एखादी जागा अडवली तर ती फिकी राहते, तिथेच जादा उजेड दिला तर ती गडद होते. मी पुठ्ठ्याला भोक पाडलं होतं, खालच्या कोपऱ्यात भिंत जास्त पांढरी येत होती ती जरा दाबायला. कागद ट्रेमध्ये टाकला, लाल दिव्याखाली हलवत राहिले. पंधराएक सेकंदांनी आधी केस आले, मग भुवया, शर्टाच्या सुरकुत्या. काका शेजारी उभे होते. दोन मिनिटं झाली, फोटो पक्का करणाऱ्या हायपोत गेला, पांढरा दिवा लावला.

काका वाकून बघत म्हणाले, “अगं, पोट कुठे गेलं तिचं?”

नव्हतंच. डावीकडची कूस आणि पोटाचा खालचा गोल काळोखात गेला होता. पुठ्ठ्याचं भोक कोपऱ्यावरून सरकत सरकत तिच्या कमरेवर कधी आलं ते मला कळलंच नव्हतं. मी ठरवून केलं नव्हतं, शपथेवर सांगते. हाताने केलं. अकरा वर्षं जे केलं ते हाताने अंधारातही बरोबर शोधून काढलं.

फ्रान्समध्ये १ ऑक्टोबर २०१७ पासून कायदा आहे. जाहिरातीत मॉडेलचं अंग सॉफ्टवेअरने बारीक किंवा जाड केलं असेल तर ‘फोटोत फेरफार केला आहे’ असं छापावं लागतं. चांगला कायदा आहे, आपल्याकडेही हवा असं मला वाटतं. पण त्या संध्याकाळी मी जे केलं ते त्यात बसत नाही. काळा थर्माकोल बसत नाही, लाल काच बसत नाही, कापलेली पाठ तर नाहीच नाही.

दुसरा प्रिंट काढताना मी दोन्ही हात मागे बांधून उभी राहिले. चौदा सेकंद, सरळ. कोपरा पांढरा राहिला तर राहिला. त्यात पोट होतं, आणि कुशीवरच्या त्या रेघा खिडकीच्या उजेडात चंदेरी आल्या होत्या, ओल्या वाळूवरून पाणी ओसरताना उमटतात तशा. त्या संध्याकाळी मी लाल फुली मारलेला तो हसतानाचा फोटोही छापला.

दोन दिवसांनी ती गाळ्यावर आली. मी तिला कॉन्टॅक्ट दिला, भिंग दिलं आणि तिन्ही प्रिंट टेबलावर ठेवले: पोट गेलेला, पोट असलेला आणि हसतानाचा. पहिला मुद्दाम ठेवला. त्या प्रश्नाचं उत्तर तिला द्यायचं होतं. म्हटलं, “तू विचारलं होतंस ना, बारीक दिसशील का? मी ठरवलं तर दिसशील. हा बघ.”

तिने तो उचलला, उजेडाकडे धरला. “सुंदर आहे,” म्हणाली आणि खाली ठेवला. दुसरा बराच वेळ पाहिला. मग हसतानाच्या फोटोवर भिंग टेकवलं आणि कपाळ जवळजवळ कागदाला लागेपर्यंत वाकली.

“ताई, हा दंड बघा.”

माझ्या पोटात गोळा आला. दंड जाड आहे असं म्हणेल असं वाटलं.

“आईचा आहे हा. अगदी तिचा. कणीक मळताना असाच दिसायचा.” आणि मग बोट सरकवून, “लसीचा वणसुद्धा आलाय की.”

बाही वर सरकवलेली होती. गोल, कडेने चुरगळलेला, मधे जरा फिकट. अकरा वर्षांत मी तो इतक्यांदा पुसला होता, पण त्याच्या आत बारीक घड्या असतात हे मला त्या दिवशी दिसलं.

तिला तोच हवा होता. फायबर कागद वाळला की कडा वळतात, म्हणून दोन जाड पुठ्ठ्यांमध्ये घालून सुतळीने बांधून दिला. ट्रेनमध्ये दुमडू नये म्हणून तिने तो छातीशी आडवा धरला. जिन्यापर्यंत जाऊन परत आली.

“फ्रेम कितीची सांगू?”

“बारा बाय सोळा,” मी म्हटलं. “कडेला पांढरी पट्टी सोडायला सांग.”